तीनदा बंद करून पाहावे

एकवीस फेब्रुवारी. टेकडीखालच्या वस्तीत त्या दिवशी दोनशे सात माणसे जिवंत होती. दोन मार्चला दोनशे सहा.

टेकडीवर रेडिओ दुर्बिणीच्या चौदा तबकड्या आहेत. काही दूरच्या दीर्घिकांचा गाभा सक्रिय असतो: तिथल्या महाकाय कृष्णविवरात द्रव्य कोसळते, तापते, आणि त्या उलथापालथीतून रेडिओ लहरी बाहेर फेकल्या जातात. असे गाभे शोधणे हे त्या तबकड्यांचे काम. मात्र त्या लहरी इथवर येईतो इतक्या क्षीण झालेल्या असतात की वस्तीतला एखादा बिघडलेला मिक्सरही त्यांना गिळून टाकतो. म्हणून वस्तीत मोबाइल नाहीत, तारेचे फोन आहेत. आणि म्हणूनच दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने एक माणूस नेमलेला आहे. हातात अँटेना, कानाला हेडफोन, अशा थाटात तो सव्वीस वर्षे दारोदार अशा रेडिओ गोंगाटाचे मूळ शोधत आला. वस्तीने त्याचे बारसे नव्याने केले. "आले गं कानोसे, मिक्सर लपवा!" हे त्याचे नेहमीचे स्वागत.

त्याच्या कामाचा मुख्य नियम एकच: संशयित उपकरण तीनदा, प्रत्येकी एक मिनिट, बंद करून पाहावे. नियंत्रण कक्षाने फोनवर तिन्ही वेळा "थांबला" म्हटले, तरच मूळ सापडले असे मानावे. नियम शहाणा आहे. गोंगाट आपणहूनही थांबतो, आणि योगायोगाला एकदा घडायला काहीच लागत नाही.

त्या फेब्रुवारीत एक संशोधक बाई एकाच दीर्घिकेच्या गाभ्यावर महिनाभर लक्ष ठेवून होत्या. त्यांच्या नोंदींत दर काही सेकंदांनी एक खरखर येऊ लागली. कानोसे तिच्या मागावर निघाले आणि थेट सख्ख्या बहिणीच्या दारात पोचले.

दाजी सुतार. चाळीस वर्षांच्या भुशाने फुप्फुसे निकामी केलेली. ऑक्सिजनच्या यंत्रावर श्वास चाले.

"माझ्या श्वासाचा आभाळाला त्रास होतो म्हणे! एवढा मोठा कधी झालो रे मी?"

"दाजी, बोलू नका. एकच मिनिट बंद करतो."

"मिनिट साधं, की सरकारी?"

ताईने बटण बंद केले. कानोशांनी फोन कानाला लावला. दाजींची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ निळसर पडले.

"थांबला," पलीकडून ऑपरेटर म्हणाला.

"ताई, चालू कर! लगेच कर!"

"बाकीचे दोन?" ऑपरेटरने विचारले.

"झालेच समज."

"समजलो."

तपासणीच्या तक्त्यावर तीन चौकटी होत्या. त्यांनी तिन्हींत खूण केली. ही लबाडीच होती. पण तिच्यात स्वार्थाचा कणही नव्हता, आणि नेमके म्हणूनच ती त्यांना लबाडी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राला धातूचे आवरण बसवायला ते कार्यशाळेत नेले, आणि घरी सिलिंडर आले. चार दिवस सारे शांत होते. पाचव्या दिवशी खरखर परतली.

तक्त्यावर एकच खूण असती, तर मूळ यंत्रच होते का, अशी कुणाला तरी शंका आली असती आणि ते घरी परत आले असते. तीन खुणा पाहून सर्वांनी एकच निष्कर्ष काढला: वस्तीत दुसरे मूळ आहे. ते शोधायला कानोशांनाच धाडण्यात आले. खरे सांगायची वेळ हीच होती. पण दोन मुळे असूही शकतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपण गप्प आहोत ते या अनुभवामुळे की भीतीमुळे, हे काही त्यांना उमगेना. यंत्र कार्यशाळेत उघडे पडून राहिले.

दोन मार्चला दुपारी दाजी गेले. सिलिंडर अर्धे भरलेले होते.

डॉक्टर म्हणाले, "यंत्र असतं तर वाचले असते का? सांगता येत नाही. नसते वाचले, असंही म्हणवत नाही."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खरखर आपोआप बंद झाली. कार्यशाळेत यंत्र तपासले, तर ते थोडे खरखरले. पण एवढे नव्हे. संशोधक बाईंनी महिन्याच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवल्या. कोणती लकाकी गाभ्याची आणि कोणती वस्तीची, हे त्यांनाही आता वेगळे करता येत नव्हते.

कानोसे ताईकडे गेले.

"ताई, तीनदा बघायचं असतं. मी एकदाच बघितलं आणि तीनदा लिहिलं."

"का?"

"दाजींकडे बघवेना."

ताई म्हणाली, "म्हणजे तुला दया आली म्हणून ते गेले? की गेलेच असते?"

"मला कळत नाही गं."

"सव्वीस वर्षं लोकांच्या घरातलं कुठलं काय वाजतंय ते तुला कळलं. आपल्या घरातलं तेवढं कळत नाही?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "बरं, मी रागवायचं कुणावर, तेवढं तरी सांग. तुझ्यावर रागवायला गेले की तुझे हात दिसतात, चालू कर, चालू कर म्हणून बटणाकडे धावणारे."

नियम पाळणे क्रूर होते आणि न पाळणे घातक ठरले असेल. 'असेल' या शब्दाच्या पुढे जाण्याचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. निर्दोष ठरलेला माणूस झोपू शकतो, दोषी ठरलेला प्रायश्चित्त घेऊ शकतो. त्यांच्या वाट्याला दोन्ही आले नाही.

ताईने संस्थेला एका ओळीचे पत्र लिहिले: तो आवाज आमच्या घरातून येत होता का, ते लेखी कळवावे. कानोशांनी त्याला आपला कबुलीजबाब जोडला: तीनपैकी दोन खुणा खोट्या आहेत. नोंद झालेल्या तक्त्यात दुरुस्ती करता येत नाही, असे कार्यालयाने त्यांना कळवले. ताईच्या पत्राचा त्यात उल्लेख नव्हता.

संस्था ताईला एक उत्तर देणे लागते. ते अद्याप दिलेले नाही.