दोन तमगे आणि एक अंगठा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी शाळेत मास्तर होतो. एखाद्या मुलाचं गणित बरोबर आलं की मी आधी त्याच्या शेजारच्याची पाटी बघायचो. घरी दूध आलं की बोट बुडवायचो. बायको म्हणायची, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दाराचा रंग नखाने खरवडून बघाल. असेना. पण या स्वभावापायी ज्या माणसावर मी सर्वांत जास्त वर्षं अन्याय केला, ते माझे वडील.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आमचं गाव पारोळ्यापासून दोन कोसांवर. पहिल्या लढाईत आबा पलटणीत होते. बसऱ्याला गेले आणि लढाई संपल्यावरही बरेच दिवस तिकडेच राहिले. परत आले ते डाव्या पायाने लंगडत. मग कापूस, बाजरी आणि ओटा. थंडीत ओट्यावर ऊन खात ते तिकडच्या वाळूच्या आणि खजुराच्या गोष्टी सांगायचे, आणि कोणतीही गोष्ट शेवटी तमग्यांवर येऊन थांबायची. सरकारने आपल्याला दोन तमगे मंजूर केले होते, एक चांदीचा आणि एक पितळी; ते आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आबांना नोकरीतून सोडताना जे लहानसं पुस्तक मिळालं होतं, त्यात तमग्यांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

गावाने याची थट्टा केली नसती तरच नवल. कुणी लग्नाला येतो म्हणून आला नाही की लोक म्हणायचे, आबांच्या तमग्यांबरोबर निघालाय, येईलच. मी त्या हसण्यात सामील होत नसे, पण मनातून मला गावाचंच पटायचं. पाय लंगडा आहे म्हणून काय झालं? खेचरंही लाथ मारतात. आबा पलटणीत खेचरं हाकत असतील आणि पुढचं सगळं ओट्यावर बसून रचलं असेल, असा निकाल मी मनाशी जवळजवळ देऊन टाकला होता.

मायबद्दलही मला लहानपणापासून एक शंका होती, पण ती वेगळी. आमच्याकडे धुळवडीला वीर निघतात. घराण्यात जो कुणी लढाईत किंवा अपघाताने गेला असेल त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात असतो. टाक म्हणजे पातळ पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर. धुळवडीला तो फडक्यात गुंडाळून, हातात धरून, डफाच्या तालावर नाचवत नदीवर नेतात. सगळं गाव बघायला बाहेर येतं. माय येत नसे. डफ ऐकू आला की ती दार लावून घ्यायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. आमच्या घराण्यात कुणाचा टाक नव्हता, मग हिला भीती कसली? विचारलं की म्हणायची, धूर फार होतो. धुळवडीला कसला धूर!

दुसरी लढाई सुरू झाली आणि सरकारला पुन्हा माणसं हवी झाली. पारोळ्याला किल्ल्याजवळच्या मैदानात मांडव घातला. जुन्या शिपायांना मानाने बोलावलं, म्हणजे त्यांना बघून तरुण पोरं भरती होतील. आबांनी धुतलेला फेटा बांधला. मी बरोबर होतो. पुढच्या ओळीत खुर्च्या होत्या, आबा त्यातल्या एकीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने एक पट्टेवाला आला, आबांच्या रिकाम्या छातीकडे बघितलं आणि म्हणाला की या खुर्च्या तमगेवाल्यांच्या आहेत, बाकीच्यांनी जाजमावर बसायचं. आबा उठले. लंगडा पाय पुढे पसरून पोरांच्या घोळक्यात बसले. समोर आमच्या गावचे दहा-बाराजण होते आणि त्यातले निम्मे हसत होते.

परत येताना बैलगाडीत आबांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले खुर्ची नको भाऊ. मी खोटं नही बोलस, इतलं कोठे तरी लिखेल पाह्यजे."

त्यांना खुर्ची नको होती, आपण खोटं बोलत नाही एवढं कुठे तरी लिहिलेलं हवं होतं. हे ते गावाला नव्हे, मला सांगत होते, हे मला कळलं. मला इंग्रजी येत होतं. इतकी वर्षं एक अर्ज मी लिहिला नव्हता, आणि का लिहिला नव्हता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला फार ओशाळं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहायला बसलो.

आता खानदेशाचे दोन जिल्हे झालेले, पण जुनी दप्तरं कुठली कुठे गेली ते त्या दप्तरांनाच माहीत. जळगावचा कारकून म्हणाला, भरती धुळ्याला झाली, धुळ्याला जा. धुळ्याचा म्हणाला, गाव पूर्व खानदेशात, जळगावला जा. दोघंही पान खात होते आणि दोघंही मला टाळत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. चौथ्या खेपेला धुळ्याच्या कारकुनाने एक बाड काढलं आणि धूळ झटकून माझ्यापुढे टाकलं. त्यात आबांचं नाव होतं. बापाचं नाव, गाव, उजव्या भुवईवरची जखमेची खूण, सगळं. आणि पुढे हुद्दा: बंदुकीचा शिपाई. खेचरांचा उल्लेखही नव्हता. त्या वेळी मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पान उलटून शाई जुनी आहे की नवी ते बघत बसलो.

अर्ज पलटणीच्या दप्तराकडे गेला. एक पावसाळा गेला, अर्धा हिवाळा गेला, आणि मला जळगावच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या साहेबाच्या टेबलावर एक पिवळा कागद होता. साहेब म्हणाला, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. दोन तमगे मंजूर झाले होते. ते दवाखान्यात असताना पलटणीच्या कारकुनाने तमगे टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवले, आणि पुस्तकात नोंद करायची राहून गेली. पण तमगे पोचलेले आहेत. ही पोच.

पोचेवर नाव नव्हतं. नुसता एक अंगठा होता, शाईत नीट उमटलेला, आणि त्याच्या मधोमध तिरपी पांढरी रेघ होती. जुन्या जखमेच्या व्रणाची असते तशी.

आबा खरे होते. मी पारोळ्यापर्यंत मोटारीत हेच म्हणत आलो. पण स्वभाव कुठे जाणार? आबांवरचा संशय उठला तो हवेत राहीना, त्याला बसायला जागा हवी होती. तमगे घरच्या पत्त्यावर आले आणि कुणीतरी लाटले. पोस्टमन मरून गेला होता, म्हणून तो सुटला. बाकी सारं गाव माझ्या तावडीत होतं. पुढचे पंधरा दिवस मी पुरुषांचे अंगठे बघत हिंडलो. कुणी चिलीम पुढे केली, अंगठा बघ. कुणी टाळी मागितली, अंगठा बघ. माझ्या हाताला हात लावायला लोक कचरू लागले.

शेवटी मी काकांवर आलो. आबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे. त्यांच्या मनगटात चांदीचं कडं होतं आणि ते मला एकाएकी फार ताजं दिसू लागलं. मी बसऱ्याच्या टपालाचा विषय काढला की ते उठून जायचे. खाई त्याला खवखवे, मी म्हटलं. एक दिवस मी शाईची दौत आणि कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि अंगठा मागितला. काकांनी बाही मागे सारली. मग त्यांनी अंगठा शाईत बुडवून कागदावर इतक्या जोरात दाबला की कागद फाटला. रेघबिघ काही नव्हती. त्यांनी कडं काढलं, माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं, म्हणाले की हे वितळवून बघ, आतून तुझ्या बापाचा तमगा निघतो का ते, आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून दोन घरांमधलं येणंजाणं बंद झालं. आबांना माझं वागणं आवडलं नव्हतं, पण भाऊ आपल्याशीही बोलेना म्हटल्यावर तेही हट्टाला पेटले.

आठवडा असाच गेला. एका दुपारी आबा जेवायला बसले होते, मी बसलो होतो, माय कळण्याची भाकरी थापत होती. मी म्हणालो की आता पाटलाला सांगून चावडीवर सगळ्या गावाचे अंगठे घ्यायला हवेत. मायचे हात थांबले. तिने पीठ पुसलं आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या ताटावर धरला. त्याच्यावर विळ्याची तिरपी खूण होती. त्याच हातची भाकरी मी जन्मभर खाल्ली होती. सगळ्या गावात फक्त बायकांचे अंगठे मी बघितले नव्हते.

"तुना काकानं नाव सोडी दे," ती म्हणाली. "तो आंगठा मन्हा शे."

मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिने एकदाही आबांकडे बघितलं नाही. आबांची पत्रं बंद झाली होती. घरातली सगळी शेतात, ही एकटी. पोस्टमनने अंगठा घेतला, सरकारी पाकीट दिलं आणि गेला. हिने ते उघडलं. आत चांदीचा गोल, त्यावर घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार, आणि घोड्याच्या पायाखाली माणसाची कवटी. दुसऱ्यावर पंख पसरलेली बाई.

मी तमगे कधी बघितले नव्हते, पण ऐकताऐकता मला धुळवडीचा डफ ऐकू आला. आमच्या गावातल्या कोणत्याही बाईला दुसरं काय वाटलं असतं? माणूस लढाईत गेला की त्याचा टाक घडवतात. सरकारची पलटण, तेव्हा टाकही सरकारनेच घडवून पाठवला. वीर तो आबांचा, आणि पंखांची बाई त्यांना घेऊन गेलेली.

"कोनले दखाडतू ते मन्ह्या बांगड्या फोडी टाकतात," माय म्हणाली. "म्हनीसन इहिरमां टाकी दिधं."

कुणाला दाखवलं असतं तर बांगड्या फुटल्या असत्या. तिने ते पाकीट शेतातल्या विहिरीत टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आठ दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गावच्या बायकांबरोबर ती झोक्यावर बसली, गाणी म्हणाली, हातभर बांगड्या भरल्या. नवरा मेला आहे हे एकट्या तिला माहीत होतं आणि ती रोज सकाळी कुंकू लावत होती. दसऱ्याला आबा लंगडत दारात उभे राहिले. मग तर सांगणं आणखीच अवघड झालं. जिवंत माणसाचा टाक आपण हातात धरला होता, हे तोंडातून निघालं आणि खरंच झालं तर? म्हणून ती वीस वर्षं गप्प होती. गाव आबांना हसायचं तेव्हाही गप्प होती.

मला तिचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ रडू आलं. आबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, तू एवढे महिने एकटीच होतीस का? तिने मान डोलावली. आबांनी जेवण पुरं केलं, हात धुतले आणि ते सरळ काकांच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही, पण संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर होते आणि कडं त्यांच्या मनगटात होतं.

पण कचेरीचं काम तसंच होतं. पुस्तकात नोंद व्हायची तर तमगे कुठे गेले याची जबानी हवी होती, पाटलासमोर, दोन साक्षीदारांसह, चावडीवर वाचून दाखवलेली. चोरीला गेले किंवा दुसऱ्या कुणी नष्ट केले असतील तर सरकार नवे देणार होतं. शिपायाच्या स्वतःच्या हलगर्जीने गेले असतील तर नाही, आणि तसा शेरा पुस्तकात कायमचा पडणार होता. मी आबांना हे दोनदा समजावून सांगितलं. खरं लिहिलं की तमगे मिळतात, खुर्चीही मिळते. मी दौत उघडून बसलो.

"लिख," आबा म्हणाले. "तमगा माले भेटनात. मन्हाच हातथीन हरायनात."

मी लेखणी खाली ठेवली. म्हणालो, आबा, तुमच्या हातून हरवले हे खोटं आहे. ते म्हणाले, चावडीवर तिचं नाव वाचलं जाणार नाही. मग मी लिहिलं. ज्या माणसाचं खोटं पकडायला मी जन्मभर टपून बसलो होतो, त्याचं पहिलं खोटं माझ्याच अक्षरात उतरलं.

चावडीवर ती जबानी वाचली तेव्हा लोक पुन्हा हसले. वीस वर्षं तमगे आले नाहीत म्हणत होता, आता म्हणतो हरवले. आबा फेटा सारखा करत उभे राहिले.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुस्तक परत आलं. आडव्या रेघेच्या जागी लाल शाईत नोंद होती: दोन पदके मिळाली, स्वतःच्या निष्काळजीपणाने गमावली. मी पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचला आणि थांबलो. आबांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. चुलीपाशी माय होती. तिने आतूनच विचारलं, नीट लिहिलंय ना सगळं?

"बठ्ठं लिखेल शे," आबा म्हणाले, आणि पुस्तक फडक्यात गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवून दिलं.