सूर्यभानमामांच्या कुलपातले तीन कॉम्प्युटर

देवळाली प्रवरेच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांना लागून, वसतिगृहाची एक शाळा होती. सूर्यभानमामा तिथले शिपाई. शाळेतल्या झाडून सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. त्यांच्या देखत सात हेडसर आले नि गेले, किल्ल्या मात्र होत्या तिथंच राहिल्या.

मामांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. शाळेच्या सामानाची नोंद ज्या जाड वहीत होते तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. वर्षातून एकदा हेडसर ती वही घेऊन कपाटापुढं उभे राहात, मामा एकेक वस्तू दाखवत आणि शेऱ्याच्या रकान्यात हेडसर लिहीत, 'सुस्थितीत'. अठ्ठावीस वर्षं हाच शेरा. पृथ्वीचा गोल प्लास्टिकच्या पिशवीत, बाजाची पेटी फडक्यात, सूक्ष्मदर्शक त्याच्या लाकडी खोक्यात. या वस्तूंना काही झालं नाही याचं साधं कारण असं, की त्यांना कुणी कधी हातच लावला नव्हता. पण मामांच्या तोंडावर हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

"वस्तू मोडली तर बोल शिपायाला लागतो, सायबाला न्हाई," मामा म्हणत. हेही काही खोटं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये टेम्पोतून तीन कॉम्प्युटर आले. महेंद्र नावाचा, याच वसतिगृहात वाढलेला एक जण नगरच्या एमआयडीसीत नोकरीला होता. त्याच्या कंपनीनं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने भंगारात निघाले, तेव्हा मालकाच्या मागं लागून त्यानं हे तीन शाळेसाठी मागून आणले. वसतिगृहातली पोरं ऊसतोडीवाल्यांची, शेतमजुरांची. उद्या शहरातल्या पोरांच्या बरोबरीनं उभी राहायची तर त्यांना हे यायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं. गणिताच्या सरांना दोन दिवस शिकवून तो कामावर परत गेला. श्रावणात सरांची बदली झाली. झालं! मामांनी खोलीला कुलूप ठोकलं.

नववीतली यशोधरा मधल्या सुट्टीत खिडकीशी येऊन उभी राही. तिची आई लोकांच्या रानात खुरपायला जायची.

"मामा, एकदा नुसतं बटण दाबून बघते."

"खिडकीतनं बघ की. डोळ्याला कुनी आडवलंय का?"

पोरगी घंटा होईपर्यंत गजांतून बघत राही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई.

दसऱ्याला मात्र मामांनी खोली उघडली. ट्रॅक्टर पुजतात, विहिरीवरची मोटर पुजतात, मग यांनीच काय पाप केलं? त्यांनी तिन्ही यंत्रांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, गूळखोबऱ्याच्या वाट्या पुढं ठेवल्या. वरून धुतलेली चादर पांघरली आणि पुन्हा कुलूप. इतक्या मायेनं कुणी स्वतःच्या पोराला निजवत नसेल.

दिवाळीची सुट्टी संपली आणि महेंद्र पोरांची प्रगती बघायला आला. मामांनी ऐटीत कुलूप काढलं. खोलीतून कुबट वास आला. चादर उचलली तर वाट्या चाटूनपुसून रिकाम्या, वायरींचे तुकडे झालेले. महेंद्रनं एका यंत्राचं झाकण काढलं. आत मामांच्याच चादरीच्या चिंध्यांचं मऊ घरटं होतं आणि त्यात उंदराची पाच गुलाबी पिल्लं. गुळाला आले ते मुक्कामाला राहिले होते.

मामांचं तोंड उतरलं. आता हा आरडाओरडा करणार, हेडसरांना बोलावणार, असं त्यांना वाटलं. महेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला.

"मामा, तुमाला तो सूक्ष्मदर्शक आठवतोय? पाच वर्सं मी त्येचं खोकंच बघितलं. कालेजात पैल्यांदा म्होरं आला, तर मला एवढंबी ठावं न्हवतं, की डोळा कंचा लावायचा. सगळा वर्ग हसला. त्या दिशी मला तुमचा लई राग आला हुता."

"आन आता?"

"आता न्हाई. पर ह्या पोरांवर कुनी हसू नये, म्हून ही यंत्रं आनली हुती."

तो निघून गेल्यावर मामा पायरीवर बसून राहिले. त्यांना फार लाज वाटली. चोराचिलटांपासून, पोरांपासून त्यांनी सगळं राखलं, आणि ज्यांच्यासाठी राखलं त्यांनाच ते मिळालं नव्हतं. कमरेच्या किल्ल्या त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जड वाटल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत यशोधरा खिडकीशी आली, तर दार सताड उघडं.

"यशे, आत ये. दाब काय दाबायचं ती."

"मोडलं तर?"

"मोडू दे. माज्या नावावर हाय."

महेंद्र दर रविवारी एसटीनं येऊ लागला. दोन यंत्रं त्यानं चालू केली. पोरांच्या रांगा लागल्या आणि एकेका बटणासाठी भांडणं जुंपली. हळूहळू कपाटातलंही सगळं त्या खोलीत आलं. पृथ्वीचा गोल फिरवून फिरवून दांडीतून निसटला, पेटीचा एक सूर गेला. मामा प्रत्येक आवाजाला दचकत, पण उठत नसत. सवय अठ्ठावीस वर्षांची, ती एका दिवसात थोडीच जाते!

एप्रिलअखेर मामा निवृत्त झाले. हेडसर वही घेऊन आले. सगळं बघून त्यांनी पेन उचललं.

"मामा, शेवटच्या दिवशी कशाला डाग? 'सुस्थितीत' लिहून टाकतो."

"न्हाई सर. एक उंदरानं खाल्लं, ती माजी चूक. बाकीचं पोरांनी वापरलंय. बटनावरची अक्षरं पुसल्यात. हाय तसं लिवा."

हेडसरांनी लिहिलं. मामांनी सही केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाता जाता ते सूक्ष्मदर्शकापाशी थांबले. यशोधरानं काचेखाली कांद्याचा पापुद्रा लावून ठेवला होता.

मामा वाकले, पुन्हा सरळ झाले आणि हळूच म्हणाले,

"यशे, डोळा कंचा लावायचा गं?"