पाय सोडायला जागा

पहिल्या मुलीला पाजायला बसले की आमच्या वडगावच्या घरात सल्ले देणाऱ्यांची जत्रा भरायची. आई म्हणायची, भिंतीला टेकून पाय लांब कर. शेजारची आक्का म्हणायची, मांडी घाल. मी घरात सगळ्यांत उंच. मांडी घातली तर बाळ खालीच राहायचं, वाकले तर मान आखडायची, आणि दोन घोट झाले की बाळ सुटून रडायचं. मला दुधापेक्षा रडूच जास्त येत होतं.

बारशाला निपाणीहून सासूबाई आल्या. बाळाची बारीक मनगटं हातात घेऊन म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं. घरी आलीस की थोरली पाजंल हिला. तिला दूध लई हाय."

थोरली म्हणजे माझी जाऊ. तिचंही तान्हं होतं. सासूबाई मायेनं बोलल्या, म्हणूनच मला जास्त लागलं. माझी लेक दुसरीच्या पदराखाली आणि मी समोर बसून भाकऱ्या थापतेय, हे काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

आमच्याकडं खड्ड्याचा माग होता. विणणाऱ्यानं जमिनीवर बसायचं आणि पाय खाली खड्ड्यात सोडायचे, पायानं दाबायच्या पावड्यांवर. लग्नाआधी मी त्यावर कितीतरी साड्या विणल्या होत्या. सोयर फिटेपर्यंत मात्र बाळंतिणीनं मागाला शिवायचं नाही.

सोयर फिटलं, बारसं झालं, आणि एका दुपारी माझे वडील, आप्पा, मागावरून जेवायला उठले. बाळ रडत होतं. मी जुन्या सवयीनं त्यांच्या जागी जाऊन पाय सोडून बसले. शेजारची सुताच्या कांड्यांची टोपली सारली, तिथं गोधडीची घडी ठेवली आणि बाळाला तिच्यावर काखेशी घेतलं, त्याचे पाय माझ्या पाठीकडं. माझी पाठ आपोआप ताठ झाली. बाळानं जी ओढ घेतली ती सुटेचना.

तेवढ्यात आप्पा जेवून दारापर्यंत आले, आणि तसेच मागं वळले.

"आणि एक भाकरी वाढ," ते आईला म्हणाले.

तेव्हा महायुद्धामुळे सुताची मारामार होती, मिळेल ते काम लगेच उरकायचं. हातातलं काम टाकून जास्तीची भाकरी खाणारा हा माणूस नव्हे.

"आज लई भूक लागली व्हय?" आईनं विचारलं.

"व्हय."

पुढं ते रोजच सावकाश जेवायला लागले. बाळाची मनगटं भरली, आणि आप्पांचं पोटही जरा सुटलं.

सासरी जायचा दिवस ठरला. सासरच्यांनी माग कधीच मोडून कापडाचं दुकान घातलं होतं. खड्डाही बुजवून टाकला होता. "तिथं मी पाय कुठं सोडू?" मी आईला विचारलं. आप्पा पलीकडं तुटलेला धागा जोडत होते.

मला पोचवायला तेच आले. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा नेम त्यांनी पाळला होता. आता हरकत नव्हती. सासूबाईंनी तांब्या पुढं केला, तो त्यांनी घटाघटा रिकामा केला. मग मागच्या पडवीत गेले, तिथली मातीची जमीन टाचेनं दाबून पाहिली आणि म्हणाले, "विहीणबाई, घरात पहार हाय का?"