तळावरचा नळ

"तळावरचा नळ आजपासून बंद. मजुरांना सॅनिटायझरचे कॅन पाठवून दे," देशमाने साहेब लॅबच्या दारातूनच म्हणाले.

मी बॅचचं सॅम्पल तपासत होतो. ते बाजूला ठेवून विचारलं, "नळ कशासाठी बंद, साहेब?"

"नळावरच्या गर्दीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. चेअरमन साहेबांना वरून फोन आला. गर्दी दिसता कामा नये म्हणाले."

"मग नळ वाढवू या की."

"शिंगाडे, तू केमिस्ट आहेस. प्लंबर नाहीस."

सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी नोकरी करतो. देशमाने साहेब आमचे मॅनेजर. साखर काढून झाली की उसाच्या रसाचा काळा, घट्ट पाक उरतो, त्याला मळी म्हणतात. ती आंबवून आम्ही अल्कोहोल काढतो. कोरोना आला आणि सरकारनं डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर बनवायला परवानगी दिली. आमच्याकडे बॅचची जबाबदारी माझ्यावर आली.

कृती साधी आहे. अल्कोहोल जास्त, थोडं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि हात फुटू नयेत म्हणून ग्लिसरीन. लोकांना वाटतं, पाणी म्हणजे भेसळ. तसं नाही. निव्वळ अल्कोहोल हातावर ठरत नाही, विषाणू मरायच्या आत उडून जातं. थोडं पाणी असलं तरच ते काम करतं. माझी एकही बॅच कमी टक्क्याची गेली नाही. माल चांगला होता, हे आधीच सांगतो, कारण पुढं त्यावरही शंका घेतली गेली.

पण चांगल्या मालालाही मर्यादा असते. हात माती, चिकटा किंवा तेलानं माखलेले असतील तर सॅनिटायझर त्या थराखाली पोचत नाही. तिथं साबण आणि पाणीच लागतं. आणि ऊसतोड मजुराच्या हाताइतका चिकट हात दुसरा नसेल. रस, धूळ, पाचटाची बारीक कुसळं, सगळं त्यावर बसलेलं असतं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी दुष्काळी माण तालुक्यातला. माझी आई दरवर्षी तोडीला जायची. ती परत आली की तिच्या बोटांच्या रेघा महिनाभर काळ्या असायच्या.

हे मी देशमाने साहेबांना सांगितलं. आईचं सोडून. ते म्हणाले, "प्यायला रोज टँकर येणार आहे. हात धुवायला कॅन. आता वाद नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, मला तरी कोण विचारतंय?"

दुपारी कॅन घेऊन मी तळावर गेलो. तळ म्हणजे कारखान्यामागच्या माळावर मजुरांनी पाचटाच्या कोप्या घालून केलेली वस्ती. लॉकडाऊन लागला तरी गाळप चालूच होतं, त्यामुळे मजुरांच्या टोळ्या तिथंच होत्या. नळाचं चाक काढून नेलेलं होतं. तोटीला तारेनं पोतं बांधलं होतं.

बायका जमल्या. पहिल्याच बाईनं उजव्या तळव्याचा खळगा केला, खाली डावा हात धरला. मी ओतलं. तिनं थेंबभर घेऊन बाकीचं सांडू दिलं, दोन्ही तळवे एकदा टेकवले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. दुसरीनंही तेच केलं. देवळात तीर्थ घ्यायची सवय. देणारा देतो तेव्हा जास्त मागायचं नाही आणि उरलेलं डोक्याला लावायचं.

"मावशी, हे तीर्थ नाही. डोक्याला नका लावू."

"मग काय हाय?" ओळीतली एक वयस्क बाई म्हणाली. "वास तर आमच्या मालकाच्या तोंडाचा येतुया."

सगळ्या हसल्या. हिचं नाव हौसाबाई.

"आवं, त्यो पितुया तवा एवढी नासाडी करत न्हाई," दुसरी म्हणाली.

मी दाखवलं. तळवा भरेल एवढं घ्यायचं. आधी तळवे, मग हातांच्या पाठी, बोटांच्या फटी, अंगठे, नखं. हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळायचं. पदराला पुसायचं नाही. आणि कोरडे झाल्याशिवाय चुलीजवळ जायचं नाही, हे पेट घेतं. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

हौसाबाईनं स्वतःचे तळवे माझ्यापुढं धरले. "आन् ह्यो चिकटा? ह्यो जातुया व्हय ह्यानं?"

"नाही जात."

"मग पानी कवा सोडणार?"

"विचारतो."

"कुठलं रं तू?"

"माणातला. दहिवडीकडचा."

"मंजी आमच्यातलाच हाईस की," ती म्हणाली. "मग तुला कशाला सांगायचं पानी मंजी काय ते."

मी परत येऊन विचारलं. "वर कळवलंय," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. दरम्यान कारखान्याच्या गेटवर पायानं दाबायचा सॅनिटायझर स्टँड बसला. त्यावर चेअरमन साहेबांचा हात जोडलेला फोटो होता.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तळावरून ओरडा ऐकू आला. डिस्टिलरीपासून तळ जवळ आहे, मी धावत गेलो.

झालं होतं ते असं. हौसाबाई कोपीपुढं उन्हात भाकरी थापत होती. हात पिठानं भरलेले. टँकरचं पाणी घागरीच्या तळाला गेलं होतं, ते प्यायला राखून ठेवलेलं. म्हणून तिनं कॅन कलता केला आणि पीठ काढायला सॅनिटायझर घेतलं. पीठ निघेना, म्हणून आणखी घेतलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती उलटायला तिनं हात पुढं केला.

अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते. उन्हात ती दिसतच नाही. सून समोर बसली होती, तिला वाटलं सासूला वाफ लागली म्हणून हात झटकतेय. कातडी काळी पडली तेव्हा सून ओरडली. तिनं पोतं टाकून हात विझवला आणि सासूला ओढत, सवयीनं, नळाकडं नेलं.

मी पोचलो तेव्हा हौसाबाई त्या नळाशी बसली होती आणि सून दातांनी तार सोडवत होती. तार सुटली असती तरी पाणी येणार नव्हतं. मी कोपीतली घागर आणून तिच्या हातावर रिकामी केली. कारखान्याच्या गाडीतून तिला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. पट्टी बांधून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांनी बोलावलं. मी त्यांच्या संस्थेच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्यामुळं. आजही ते नाकारत नाही.

"माल बरोबर होता ना?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"बरोबर होता, साहेब."

"आणि तू त्यांना शिकवलं होतंस?"

"होय."

"झालं तर मग. बाईचा निष्काळजीपणा. विधान परिषदेच्या आमदारकीचं वर्ष आहे, उगाच बोभाटा नको. देशमाने, तसं कळवून टाका. शिंगाडे सांगेल कुणी विचारलं तर. आपल्याच बोर्डिंगचा आहे तो."

देशमाने साहेब टेबलाकडं बघत होते.

"साहेब," मी म्हणालो, "पिठाचे हात पाण्यानं धुतात. नळ चालू असता तर ती धुवून चुलीकडं वळली असती. मला विचारलं तर मी हेच सांगणार."

मग चेअरमन साहेब म्हणाले, "बोर्डिंगनं तुला बोलायला चांगलं शिकवलं. जा."

त्याच संध्याकाळी नळ सुरू झाला. लांब लांब उभं राहायला चुन्याचे गोल आखले. ते पहिल्या दिवशीच आखता आले असते. मला लॅबमधून काढून ऊस उतरवायच्या यार्डात घातलं. गेटवरच्या स्टँडला एक ओळ वाढली, 'आगीजवळ वापरू नये', फोटोच्या बरोबर खाली.

सीझन संपल्यावर टोळ्या गावी परत निघाल्या. हौसाबाईला भेटायला गेलो तर ती ट्रॉलीत बसलेली होती, हात मांडीवर ठेवून.

"नळ सोडलास म्हनं."

"मी नाही, मावशी. कारखान्यानं सोडला."

"व्हय," ती म्हणाली. "माझा हात भाजल्यावर."

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. पुढच्या सीझनला टोळी आली तेव्हा तिचा नवरा एकटाच होता. मुकादमानं त्याला अर्धा कोयता म्हणून घेतलं. हौसाबाईची बोटं मिटत नाहीत, असं त्यानं सांगितलं.

दोन सीझननंतर माणसं कमी पडली म्हणून मला परत लॅबमध्ये घेतलं. सेफ्टीची माहितीही आता मीच देतो. तळवा भरून घ्या, कोरडं होईपर्यंत चोळा, विस्तवापासून लांब राहा, हे सगळं सांगतो. पण त्याआधी तळावर एक चक्कर मारतो आणि नळ सोडून बघतो. पाणी आलं तरच कॅन उतरवायला सांगतो.