मंठ्याला पाच दिवस उशिरा

बदनापूरहून सकाळची पॅसेंजर निघाली तेव्हा माझ्या पिशवीत कोऱ्या कागदांचे दोन दस्ते, एक पट्टी, चार पेन्सिली आणि युरोपच्या इतिहासाचे एक इंग्रजी पुस्तक होते. मंठ्याच्या हकीमसाहेबांकडे वैद्यकाचे एक जुने अरबी हस्तलिखित होते. त्यातली शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे उतरवून घ्यायची, एवढेच काम होते. युरोपने पूर्वेकडून काय घेतले, यावर गावच्या वाचनालयात मी बोलणार होतो.

हकीमसाहेब वारल्याचे पत्र आले त्याच दिवशी निघता आले असते. पण घरात दुःख असताना पुस्तक मागायला जाणे मला बरे वाटले नाही. मुसलमान घरांत चाळिसावा झाला की शोकाचे दिवस सरले असे धरतात. मी दिवस मोजले आणि पंचेचाळिसाव्या दिवशी निघालो.

गाडी जालन्याला पंचवीस मिनिटे उशिरा पोचली. मंठ्याची मोटार भरल्याशिवाय सुटत नाही. वीस माणसांच्या जागेत आम्ही एकतीस बसलो. निम्म्या वाटेवर इंजिन तापून वाफा सोडू लागले. ड्रायव्हर डबा घेऊन नाल्याकडे गेला आणि आम्ही बाभळीखाली उतरलो. माझ्याशेजारी तीर्थपुरीकडचे एक म्हातारे शेतकरी होते. लेकीला भेटायला चालले होते. माझ्या पुस्तकातल्या मेजवानीच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे दाताळ्यावानी काय हाय हातात?"

मी म्हणालो, "जेवायचा काटा. पूर्वी तिकडे नव्हता. रूमची (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची) एक राजकन्या व्हेनिसला लग्न होऊन आली, तिने तो आणला म्हणतात. तिथले धर्मगुरू फार रागावले. देवाने बोटे दिली असताना हे कशाला, म्हणून."

"म्हंजे गोरे लोकं बी पाची बोटांनीच जेवायचे?"

"हो."

"मंग आपल्याला काहून हसतात?" थोडा वेळ बोरे चघळून ते पुढे म्हणाले, "पन सासर सगळीकडं सारखंच म्हना की. माह्या लेकीनं माहेरची पीठ मळायची काथवट नेली, तर सासू सहा महिने बोलत व्हती."

सगळे हसले. त्यांनी मला ओंजळभर बोरे दिली आणि मोटार पुन्हा निघाली.

दोन्ही बाजूंना ज्वारी दाण्यावर आली होती. धुऱ्यांना, म्हणजे बांधांच्या कडेने, करडई होती. मला मात्र सारखे हकीमसाहेब आठवत होते. ते स्वतःच्या औषधाला यूनानी म्हणत. यूनान म्हणजे ग्रीस. ग्रीकांचे वैद्यक कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांनी जपले, बगदादला ते अरबीत आले, अरबांनी त्यात स्वतःची भर घातली, आणि स्पेनमध्ये ते लॅटिनमध्ये उतरले. पुढे कित्येक पिढ्या युरोपातले वैद्य तेच शिकत होते. आपले आकडेही याच मार्गाने तिकडे गेले, म्हणून ते लोक त्यांना अरबी आकडे म्हणतात. या मोठ्या वाटेचा एक फाटा मंठ्यापर्यंत आलेला होता, हे मी मागच्या दिवाळीत डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या इंग्रजी पुस्तकात एका लॅटिन प्रतीचे पान छापले आहे. त्यावर चौदा हत्यारे आहेत. हकीमसाहेबांच्या पुस्तकात तशीच करवत होती, तसेच वाकडे हूक, तसेच चिमटे.

दिवाळीत ते पुस्तक पाहत होतो तेव्हा परतीची मोटार सुटायला आली होती. हकीमसाहेब पुस्तक पुढे करून म्हणाले, "ले जाओ मास्तर."

"माझ्या हातून एखादे पान फाटले तर?"

"यहाँ भी तो फट रहीच है," ते हसून म्हणाले.

दुसऱ्याची वस्तू मी अशी कधी नेत नाही. नाही नेली.

मंठ्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हकीमसाहेबांचे चिरंजीव रशीदमियाँ रंगारी आहेत. कोपरापर्यंत निळे झालेले हात पुसत ते बाहेर आले. मी हिंदू म्हणून शेजारच्या पाटलांच्या घरून त्यांनी दूध आणि हुरडा (भाजलेली कोवळी ज्वारी) मागवला. खाणे झाल्यावर मी पुस्तकाचे विचारले.

"ती फाटकी किताब? ती ठंडी केली ना, चाळिसाव्याला."

ठंडी करणे म्हणजे जीर्ण झालेली पवित्र पाने पायदळी येऊ नयेत म्हणून अदबीने पाण्यात सोडणे.

"रशीदमियाँ, ते धर्माचे पुस्तक नव्हते. त्यात करवती होत्या, चिमटे होते."

"पाह्यले ना मी. अम्मीला बोललो बी. ती म्हणली, वर बिस्मिल्ला लिव्हलंय, अल्लाचं नाव हाय, बस. आमच्यात अरबी कोनाला येते मास्तर? कुरानाचे जुने पारे होते, त्यांच्यासंगं ती बी दिली."

ते मला गावाबाहेरच्या विहिरीवर घेऊन गेले. तेवीस पायऱ्या उतरल्यावर पाणी लागले. पांढऱ्या कपड्यात बांधून, दगड लावून, दुवा म्हणून सोडली, असे त्यांनी सांगितले. पाण्यावर काहीही नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते सदऱ्याच्या गुंड्या काढू लागले. "उतरू का आत? पाचच दिवस झाले."

"नको. शाई राहिली नसेल. आणि एकदा अदबीने दिलेले वर ओढू नये."

"चूक झाली का आमची?"

"तुम्ही रीत बरोबर पाळली. दिवाळीत ते देत होते, मीच नेले नाही. आणि पत्र आल्यावरही मी दिवस मोजत बसलो."

रशीदमियाँनी गुंड्या परत लावल्या. मग म्हणाले, "अब्बा आखरी हप्त्यात दोनदा विचारून राह्यले होते, मास्तर आल्ते का म्हणून."

परतीच्या मोटारीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होते ते आता सांगता येणार नाही. घरी येऊन मी भाषणाचा मसुदा काढला. त्यात एक वाक्य होते: युरोपातल्या लॅटिन ग्रंथात जी हत्यारे आहेत, तीच आपल्या मंठ्याच्या एका पुस्तकात आहेत. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी विचारणार, चौदापैकी किती जुळली? मी ती पाहिली होती, मोजली नव्हती. ते वाक्य मी खोडले.