कोणत्या गाळ्यात टाकू?

ऑर्केस्ट्रात तुझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "लोक उठून जाऊ नयेत, एवढंच." आणि खरंच तेवढंच होतं. कार्यक्रम सातचा म्हणून बोर्डावर लिहिलेला असायचा. साउंडवाला साडेसातपर्यंत वायरींच्या गुंत्यात, गायिका पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये आणि प्रमुख पाहुणे तर घरून निघालेलेच नसत. मधला तो अर्धा-पाऊण तास माझा. मागे बंद पडदा, हातात एक माइक आणि समोर शेंगा सोलत बसलेली पब्लिक. पोस्टरवर माझं नाव सगळ्यात खाली, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर. तरी नव्वदच्या दशकातली ती सात-आठ वर्षं मला विचाराल तर राजासारखी गेली. उरण, पनवेल, अलिबाग, साताऱ्याकडच्या जत्रा, सगळं टेम्पोच्या मागच्या बाजूला ड्रमसेटला टेकून पालथं घातलं.

आबांनी या धंद्याला परवानगी दिली तीच एका अटीवर. आमचे आबा माथाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचे. साताऱ्याहून आलेल्या माणसांनी भरलेल्या कोपरखैरण्यात आमच्या दोन खोल्या. मी ऑर्केस्ट्रात जातो म्हटल्यावर ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "जा. पर म्होरं तुजी आय आन् भैन बसल्यात आसं समजून बोल. घाण बोललास तर ह्या घरात यिऊ नगं."

मी शब्द दिला. तेव्हा काय कळत होतं! त्या काळी कॉमेडीवाला म्हटला की नवरा-बायकोच्या खोलीतलं चार वाक्यांत उरकायचं, शिट्ट्या घ्यायच्या, मोकळं व्हायचं. लाइनीतले बाकीचे कॉमेडियन मला 'गंगाजल' म्हणायचे. म्हणा लेको. त्यांचं तीन मिनिटांत व्हायचं त्याला मला वीस मिनिटं घाम गाळावा लागायचा, हे मात्र खरं. पण करावे गावात एका म्हातारीनं कार्यक्रम संपल्यावर मला हाताला धरून सांगितलं, "बाला, तुजा बोलनं सुनेसंगं बसून आयकता येतंय." आणि वर सुक्या बोंबलांची जुडी हातात कोंबली. टेम्पोत सगळे नाकं धरून बसले होते, मी एकटा खूश.

आता घाण काढून टाकल्यावर हाताशी उरतं काय? घर उरतं. कंडक्टर झाला, पोस्टमन झाला, सोसायटीचा सेक्रेटरी झाला, तरी वीस मिनिटं भरेनात. मग मी घरात हात घातला आणि आबा सापडले.

झालं होतं असं. आमच्या आतेभावाचं लग्न होतं, वाशीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. आबा नवरदेवाचे मामा. हार घालायची वेळ आली तशी पोरं ओरडायला लागली, "मामा, उचला! मामा, उचला!" नवरीचा हात पोचू नये म्हणून नवऱ्याला उंच धरतात, तसं. आबा पुढे झाले. पण दुसऱ्या कुणासारखं कमरेला मिठी मारून वर धरणं त्यांना माहीतच नव्हतं. ते वाकले, नवरदेवाला झटक्यात पाठीवर घेतला, गोणी नीट बसावी म्हणून मारतात तशा दोन थापा मारल्या आणि "बाजू! बाजू!" करत थेट दाराकडे चालू पडले. पाच-सहा पावलं गेल्यावर भान आलं. हॉल हसून लोळत होता. आबांनी नवरदेवाला खाली ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. त्या दिवशी ते पंगतीला बसले नाहीत. आईनं बुंदी आणून दिली तर म्हणाले, "सवय जाईना माजी. चारचौघांत हसं झालं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ऐकूनही मी ते स्टेजवर नेलं.

माझ्या आयटमचं नाव 'गोणी'. एक बारदान, त्यात जुने पेपर कोंबलेले. तोच नवरदेव. ते पाठीवर टाकून मी स्टेजभर हिंडायचो, वऱ्हाडाशी गप्पा मारायचो, भटजींना डोळा मारायचो आणि शेवटी हॉलच्या मॅनेजरला विचारायचो, "शेठ, कोणत्या गाळ्यात टाकू?" हे वाक्य माझं. आबा असं काही बोलले नव्हते. मार्केटात व्यापाऱ्याच्या दुकानाला गाळा म्हणतात, एवढंच धरून मी ते जोडलं होतं. आणि काय चाललं ते! न्हावा शेव्याच्या ट्रकवाल्यांपासून करावेच्या कोळणींपर्यंत सगळे ते वाक्य माझ्या आधी बोलायला लागले. ऑर्केस्ट्राचा मालक खूश, मी खूश. मनात फक्त एक काटा. आबांना कळलं तर? माझा कार्यक्रम त्यांनी कधीच पाहिला नव्हता. पहाटे मार्केट असायचं, ते आठला झोपायचे. ते देवानंच ठेवलं होतं असं मला वाटायचं.

मग आमच्याच वसाहतीच्या सत्यनारायणाची सुपारी आली. दर वर्षी माथाडींची ती मोठी पूजा, संध्याकाळी आरती, महाप्रसाद आणि कार्यक्रम. आणि त्या वर्षी पूजेला बसायचा मान आमच्या आई-आबांचा. दिवसभर उपास, नवं धोतर, कडक टोपी. संध्याकाळी पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या त्यांच्यासाठी. झोपायला घरी जायचा प्रश्नच नव्हता.

मी मालकाला म्हटलं, "आज गोणी नाही करणार."

"का? बोर्डावर लिहिलंय मी."

"माझा बाप बसतो पूजेला."

"मग काय झालं? घाण थोडीच आहे ती?" मालक म्हणाला. "हे बघ, मे महिन्याची कोकण टूर गोणीवर घेतली आहे. आज नाही केलीस तर त्या टूरला दुसरा माणूस बघावा लागेल. टेन्शन नको देऊ मला."

घाण नाही, हे खरं होतं. तेच तर माझं सगळ्यात मोठं दुखणं होतं. घाण असती तर नाही म्हणायला तोंड तरी होतं.

मी कंडक्टर केला, सेक्रेटरी केला. पब्लिक ढिम्म. मग मागून सुरू झालं, "गोणी! गोणी!" आबा सरळ समोर बघत बसलेले, कपाळावर पूजेचं कुंकू. मी घाबरलो, साफ घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. विंगेतून पुढे सरकवलेलं बारदान उचललं. ठरवलं, मामा म्हणायचं नाही, कुणीतरी काका म्हणू. सुरू झालो. दोन थापा मारल्या, चालायला लागलो, गप्पा मारायला लागलो.

कुणी हसेना. चार-पाचशे माणसं आणि सगळ्यांच्या माना आबांकडे वळलेल्या. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "अय, गोणीत काय भरलंय? कापूस?" दुसरा म्हणाला, "पन्नास किलो पाठीवर घिऊन एवढं कोन बोलतं रं?" आणि मग हसले. माझ्यावर हसले. सगळ्या मुलखात चाललेली माझी गोणी पोकळ होती, हे ओळखायला गोण्या वाहणारी माणसंच समोर यावी लागली. वजन असलं की माणूस बोलत नाही. दम पुरवून पुरवून एक 'बाजू' तेवढं म्हणतो. आयुष्यभर आबांना बघूनही मला हे दिसलं नव्हतं.

आबा उठले. आईनं त्यांचं उपरणं धरलं, ते त्यांनी सोडवलं. स्टेजच्या पायरीशी चपला काढल्या आणि वर आले. माझं बारदान दोन बोटांनी उचलून त्यांनी पब्लिकला दाखवलं. मंडपात हशा. ते टाकून दिलं आणि मागे गेले. तिथं महाप्रसादाच्या पुऱ्या-भाजीची तयारी चालली होती. परत आले ते बटाट्याची भरलेली गोणी पाठीवर घेऊन. दिवसभराचा उपास, वय पन्नाशीच्या पुढे.

"वाक," मला म्हणाले.

वाकलो. गोणी पाठीवर आली आणि माझे गुडघे बोलायला लागले.

"चाल."

चार पावलं टाकली. वाक्यं सगळी पाठ होती, पण तोंडातून हवाच बाहेर पडेना. शेवटी कसंबसं एक "बा... जू..." निघालं आणि मंडप फुटला! बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. आबांनी माझ्या पाठीवरची गोणी अलगद आपल्या पाठीवर घेतली, दोन थापा मारल्या आणि विंगेत न जाता सरळ पायऱ्या उतरून पब्लिकमधून निघाले. "बाजू! बाजू!" खुर्च्या सरकल्या, पोरं मागे ओढली गेली, शिट्ट्या, टाळ्या. लोक ओरडत होते, "कोणत्या गाळ्यात? ओ, कोणत्या गाळ्यात?" मीही माइक धरून वाट बघत होतो, आता बोलतील. नाही बोलले. गोणी आचाऱ्याजवळ ठेवली, परत येऊन खुर्चीत बसले, टोपी सारखी केली. तेवढा हशा मी जन्मात कधी घेतला नव्हता, आणि तोही माझा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मार्केटला सुट्टी होती. सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "आबा, चुकलो."

"तुला काय वाटलं, मला ठावं न्हाई?" ते म्हणाले. "दोन वरसं झाली, मार्केटात येनारा एकेक टेम्पोवाला मला कोणत्या गाळ्यात, कोणत्या गाळ्यात म्हनून हाक मारतोय."

मला तिथंच मेल्यासारखं झालं. "मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शब्द तर पाळलास. घाण न्हाई बोललास." बशीतला चहा फुंकून त्यांनी एक घोट घेतला. "हसव. पर गोणी भरून हसव. लोकास्नी वाटलं पायजे, ह्यो बाबा वझं वाहतोय."

"तुम्हाला कधी हसू आलं का पण?" मी विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि दाढी करायला उठले.

कोकण टूरला मीच गेलो. बरोबर खरी गोणी नेली, त्यावरून टेम्पोवाल्यानं रोज शिव्या घातल्या. आयटम अर्ध्यावर आला, बोलणं गेलं, नुसतं चालणं राहिलं. गोणी खाली ठेवल्यावर घाम पुसत मी विचारायचो, कोणत्या गाळ्यात टाकू, आणि लोक आधीपेक्षा दुप्पट हसायचे. हसता हसता जरा गप्पही व्हायचे. पुढे ऑर्केस्ट्रे आटले, लोकांना डीजे आवडायला लागला. मी न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात चिकटलो. कंबर तेवढी अजून दुखते.

आबांचे गुडघे गेले ते मी ऑफिसात रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी. तोवर आम्ही कोपरखैरण्यातच एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो होतो, लिफ्ट नव्हती. एका सकाळी त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. खाली रिक्षा उभी. शेजारी खुर्चीत बसवून उतरवू म्हणत होते. मी म्हटलं, नको. वाकलो आणि आबांना पाठीवर घेतलं. बटाट्याच्या गोणीएवढंही वजन राहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मोकळे नव्हते.

एक मजला उतरलो. आई पिशवी घेऊन पुढे चाललेली. तेवढ्यात माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या आणि कानाशी बारीक आवाज आला, "शेठ, कोणत्या गाळ्यात टाकताय?"

एवढ्या वर्षांत ते वाक्य त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मागे त्यांचं अंग हलत होतं, आबा हसत होते, ते माझ्या पाठीला समजत होतं. मी काही बोललो नाही. अजून दोन मजले उतरायचे होते.