मजुरीचं धान

आमच्या ह्यांनाही हे ठाऊक नाही, म्हणजे बघा. आणि आज तुमच्यापाशी बोलायला बसले, तरी मन कापणीच्या दिवसांकडेच पळतंय — इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं आमचं शेत, सकाळचं धुकं, खळ्यावरचा नव्या धानाचा वास, बायांचं हसणं-खिदळणं. फार सुखाचे दिवस होते.

तेव्हा कापणीची मजुरी धानातच असायची. संध्याकाळी मी पायलीनं मोजून टाकायची आणि देवकाबाई पदर पसरून म्हणायची, अजून एक मूठ. मीही टाकायची. देवका त्या बायांची म्होरकी, माझ्या लग्नापासून आमच्याकडे येणारी. त्या धानावर तिच्या घरची चूल पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालायची. रेशनचा तांदूळ कितीसा पुरणार?

मग तांदळाचे भाव चढले. आमचं काय अडणार होतं? वर्षाचा तांदूळ घरचा, शिवाय ह्यांच्या पगारात महागाई भत्ता. उलट — कसं सांगू — मलाच ते धान देणं जिवावर यायला लागलं. एवढं विकलं तर किती येतील, हेच डोक्यात.

आमचं धान हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, गावात सगळ्यांच्या आधी कापणीला येतं. त्या वर्षी दुसरे शेतकरी काय देणार, हे बायांना अजून कळायचं होतं. मी तेवढं साधलं. पैसे पुढे केले, तेही जुन्या भावानं.

"काऊन वो बाई, अवंदा धान नाही देऊन राहिली?" देवकानं विचारलं.

"आता सगळेच पैसे देऊन राहिले," मी म्हणाले.

एकानंही दिले नव्हते. बाया कुजबुजल्या, तर देवकाच त्यांच्यावर डाफरली, "बाई लबाड नाही बोलत."

उन्हाळ्यात ती दारात आली — कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, विकत मागायला. तिनं कापलेल्या धानाचा तांदूळ आमच्या कोठीत, आणि ती तुकडा मागत होती. मी बाजारभावानं दिला. वर म्हणाले, महागाई काय, सगळ्यांनाच आहे. लाज तेव्हाही वाटली, पण पैसे घेतले.

पुढच्या हंगामात बाकीच्यांनीही धान बंद केलं. का? तर मी केलं म्हणून. आज आमच्या शिवारात मजुरीला धान कुणीच देत नाही. मी बोलले तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे, आणि ते मी केलं.